गोल शिक्क्याखालची ओळ

कोचाबांबा, मंगळवार

प्रिय हर्मिनियाताईस,

धाकट्या चुलतबहिणीचा, म्हणजे कासिल्डाचा, वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझे यजमान, दोघेही हल्ली तुझं ऐकतात का? इकडे आई ठणठणीत. सकाळी दहाला रस्सा भरलेल्या करंज्या, आपल्या साल्तेन्या, दोन हाणते आणि भूक मेली म्हणते. मी बरी आहे. (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.)

तू मागं विचारलं होतंस, की आंधळी बाई वेबसाईट तपासते म्हणजे करते तरी काय. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक बोलणारा बसवलाय, स्क्रीन रीडर. पडद्यावर असेल ते तो वाचतो, तेही इतक्या भरभर की आमच्या साहेबाला, वाल्टेरला, कढईत काहीतरी तडतडतंय असं वाटतं. वेबसाईट नीट बांधलेली असेल तर हा शहाण्यासारखा वाचतो. नसेल तर ‘बटण, बटण, चित्र, बटण’ एवढंच बरळतो. मग मी बांधणाऱ्यांची खरडपट्टी काढते. देवानं डोळे दिले नाहीत, जीभ मात्र दोघींची दिली.

गेल्या वर्षी एका दवाखान्याची वेबसाईट आली. रुग्णांनी तपासणीचे निकाल घरबसल्या वाचावेत, अशी. खरे कागद खासगी, म्हणून वाल्टेरनं एक खोटा रुग्ण बनवून दिला, खुआन नावाचा, साखर जरा जास्त. त्याचा टाइप केलेला निकाल बोलणाऱ्यानं खडाखडा वाचला. मी लिहिलं, ‘उत्तम, अंधांना कसलीही अडचण नाही.’ ऑफिसात केक कापला गेला. पण ताई, आपल्या देशात शिक्क्याशिवाय कागदाला कागद कोण म्हणतं? जन्म गेला माझा रांगेत उभं राहून शिक्के मारून घेण्यात, आणि खुआनच्या कागदावर शिक्का नाही हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. खरे डॉक्टर निकाल छापतात, सही करतात, वर गोल शिक्का हाणतात आणि त्या कागदाचा फोटो वेबसाईटवर चढवतात.

हे कळलं कसं, तर मागच्या महिन्यात छातीत गाठ हाताला लागली. त्याच दवाखान्यात सुई घालून तुकडा काढला. शुक्रवारी निकाल आला. बोलणाऱ्यानं दवाखान्याचं नाव वाचलं, पार्किंगची सूचना वाचली, दात पांढरे करून घेण्यावरची सवलत वाचली आणि निकालापाशी येऊन म्हणाला, ‘चित्र’. चाळीस वेळा ऐकलं, चाळीस वेळा चित्रच. मग चित्रातली अक्षरं ओळखणारं दुसरं यंत्र लावलं. त्यानं शिक्का अगदी घोटून वाचला: डॉक्टरांच्या तीन पदव्या, पत्ता, फोन. शिक्का बसला होता तो नेमका निकालाच्या ओळीवर. त्या ओळीचा नुसता चिवडा झाला.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टर कार्निव्हलसाठी ओरुरोला गेलेत, तेवीस तारखेला भेटतील. काउंटरवरची म्हणाली, ‘‘अहो, निकाल टाकलाय की वेबसाईटवर, बघा ना! फोनवर नाही सांगता येत आम्हाला.’’ मी अंध आहे म्हटलं, तर म्हणाली, ‘‘मग तर काळजीच नको बाई, आमची वेबसाईट अंधांसाठी तपासून घेतलीय!’’ फोन ठेवून मी खूप हसले. मग मला फार भीती वाटली.

बाकी सर्व क्षेम. यजमानांना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुझी,
कासिल्डा

ता. क. सोबत ते चित्र जोडलंय. डोळसांना शिक्क्याखालचंही दिसतं म्हणे. आई आधी किंचाळेल, मग वाचेल. वाल्टेरला दाखवलं तर उद्यापासून सगळं ऑफिस माझ्याशी हळू आवाजात बोलेल. तेव्हा तूच वाच, आणि आवाज रेकॉर्ड करून पाठव.

आणखी एक. लहानपणी तू मला गोष्टी वाचून दाखवायचीस आणि मेलेली माणसं शेवटी जिवंत करून त्यांची लग्नं लावायचीस. मला ते शाळेत गेल्यावर कळलं. या वेळी तसं करू नकोस. यंत्रासारखं वाच, शब्दामागून शब्द. सुरुवातीलाच ‘कासिल्डा, राणी’ म्हणालीस, तर पुढचं मी ऐकणारच नाही.