नऊ नंबरची चप्पल

६ मे
आई परत विहिरीत घसरली. हंडा तळाला, ती तिसऱ्या पायरीवर बसलेली, आणि वर मलाच सांगते, "काय नाय झाला, तू चा पी." गुडघा सुजून टम्म! घरामागची बारा फुटांची विहीर, बाबांनी खणलेली. उन्हाळ्यात पाणी पार खाली जातं, दिवसातून दहा वेळा उतरायचं. मी जव्हारच्या शाळेत पोरांना हातपंपाची आकृती काढायला लावते, आणि माझी आई इथे पायऱ्या मोजते. लाज वाटली. सुट्टी संपायच्या आत पंप करणार. ठरलं!

८ मे
सामान जमलं. घरकुलाच्या कामातला उरलेला पाइप, त्याच्या आत जाईल असा बारीक पाइप, मोडक्या सायकलचं हँडल, झडपांसाठी दोन काचेच्या गोट्या. फक्त दट्ट्याला रबर नाही. शेजारची फागीकाकी कुंपणावरून म्हणते, "मास्तरीन, भंगाराचा धंदा काढला का?" हस म्हणावं.

९ मे
पाणी आलं! आलं!! आई मोखाड्याला बाजारात गेली होती. दाराशी बाबांची जुनी रबरी चप्पल दिसली. निळी, नऊ नंबरची. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, चप्पल तिथेच. (धूळ मात्र नव्हती.) उजवीच्या टाचेतून चकती कापली, ती लहान पडली. मग डावीची. बरोब्बर! सात-आठ वेळा दांडा मारला, आत गुडगुड, आणि धो धो! मी एकटीच नाचले. फागीकाकीने दोन हंडे भरून नेले.

आई आली. पाण्याकडे बघितलंच नाही, दाराशी बघितलं. "कापलीस? दोनीपन?" एवढंच. हंडा उचलला आणि गेली पायऱ्या उतरायला.

१० मे
सकाळपासून पंपाला हात लावत नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला — पाण्यात चप्पल! विहिरीचं पाणी देवाचं, तिथे आम्ही चपला लांब काढतो. लहानपणी मी तशीच गेले तर बाबांनी कान पिळला होता. आणि मीच विसरले! ते गप कबूल करायचं, तर फागीकाकीसमोर आईवरच ओरडले — "भंगार जपायचं आणि गुडघे मोडून घ्यायचे! अडाणी ती अडाणीच राहणार!"

जीभ झडावी माझी. आई भाकरी थापत राहिली.

११ मे
चपलेची चकती काढून टाकली. फागीकाकीकडची फाटकी ट्यूब कापून घातली, चार पदर. पाइप तीनदा धुतला. आईने दांडा मारला, हंडा भरला. छान झालंय, असं म्हणेल वाटलं होतं. म्हणाली नाही.

१४ जून, जव्हार
सोमवारपासून शाळा. निघताना माफी मागायची होती. शब्द तोंडाशी आले आणि जीप आली. महिनाभर एका घरात राहिले, तेव्हा काय तोंड शिवलं होतं?

२२ जून
फागीकाकीचा फोन. "तुजी आई दिस मावळला का रोज माझ्याकडं येते निजाय. इचारला तर सांगत नाय." म्हणजे माझ्यावरच्या रागाने घर टाकलं तिने. पुढच्या सुट्टीला घरी जाणार, ठरलं.

२९ जून
जाऊन आले. बाजारातून तशीच चप्पल शोधून नेली, निळी, नऊ नंबर. आईपुढे ठेवली. म्हटलं, "चुकले आई. बाबांची आठवण कापली मी. देवाच्या पाण्यात घातली."

आई हसायला लागली! "आठवन कसली गं! देवाचा पन काय नाय. दारात बाप्याची चपल असली का वाटंनं जानाऱ्याला वाटतं, घरात बाप्या मानूस हाय. मी रोज जागा बदलायचे. कदी इकडं, कदी पालथी. पुसून ठेवायचे."

"पण आई, इथे कोण येणार आहे?"

"चपल होती तवर कोन नाय आला. आता पन कोन नाय आला. पन झोप पन नाय आली."

दोन वर्षं ती एकटी रोज ही चप्पल मांडत होती. मी सणावारी यायचे, त्याच चपलेवरून पाय टाकून आत जायचे. मला गुडघा दिसला, विहीर दिसली, भीती दिसली नाही! विज्ञान शिकवते म्हणे. आईने कधी सांगितलं नाही, खरं आहे. मीही कधी विचारलं नाही.

नवी चप्पल तिने परत पिशवीत घातली. "ही नको. रोज कोरीच दिसली का लोकांना समजतं, घालनारा नाय."

४ जुलै
आज ती चप्पल मीच घालून शाळेत गेले. पाय आत सरकतो, व्हरांडाभर फटक फटक. हेडबाई म्हणाल्या, "नीता, ही कुणाची गं?"

म्हटलं, आमच्या घरातल्या बाप्याची.

टाच अजून कोरीच आहे. उद्या बाजारापर्यंत चालत जाईन.