बंद विमानसेवा आणि पुढच्या खुर्चीवरची पिशवी

प्रति,
मा. उपसंचालक (दुर्गम भाग विमानसेवा व अनुदान),
विमान वाहतूक कार्यालय,
राजधानी.

विषय : घाटापलीकडील गावाची स्थगित विमानसेवा अनुदानासह पुन्हा सुरू करणे, वैमानिकास बजावलेली कारणे दाखवा नोटीस मागे घेणे व आपल्या ताब्यातील पिशवीबाबत.

संदर्भ : १) आपला धावपट्टी पाहणी अहवाल.
२) आपल्या कार्यालयाचे ‘बेवारस सामान घेऊन जाण्याबाबत’चे पत्र.

महोदय,

१. सदर अर्जदार घरी शिवणकाम करते. तिचे यजमान घाटमार्गावरील बसचे चालक आहेत. पाहणीच्या दिवशी विमानाच्या शिडीपाशी पिशवी घेऊन उभे असलेले गृहस्थ ते हेच. आपल्या अहवालात त्यांचा उल्लेख ‘एक मनोरुग्ण इसम’ असा आहे. त्याच अहवालाच्या आधीच्या पानावर ‘स्थानिक बसचालकाचे मत सेवा बंद करण्यास अनुकूल’ असेही लिहिले आहे. ही दोन माणसे नसून एकच माणूस आहे, एवढे प्रथम निदर्शनास आणून देण्याची परवानगी असावी.

२. यजमानांनी ते मत जाहीर सभेत मांडले होते, हे खरे आहे. ‘नऊ खुर्च्यांच्या विमानात दोन माणसं बसवायची आणि सात खुर्च्यांचं भाडं सरकारनं भरायचं, म्हणजे सोन्याच्या पाळण्यात उंदीर निजवण्यातला प्रकार झाला. त्या पैशात घाटाचा रस्ता करा,’ असे ते म्हणाले होते. लोक हसले. त्या वेळी त्यांची थोरली बहीण, म्हणजे अर्जदाराची नणंद, पहिल्या रांगेत बसली होती. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा ती त्याच विमानाने डायलिसिससाठी शहरात जात असे. सर्वांत मोठ्याने तीच हसली. घरी आल्यावर अर्जदार यजमानांवर चिडली, तेव्हा नणंदेनेच समजूत घातली. ‘अगं, तो बसवाला आहे, त्यानं बसचीच बाजू घ्यायची. त्याचं चुकलं कुठं?’ यजमानांच्या मनात काळेबेरे नव्हते. आपल्या बहिणीची खुर्ची त्या दोन भरलेल्यांपैकी आहे, तेव्हा ती राहील आणि उरलेल्या सात जातील, असा काहीसा भोळा हिशेब त्यांच्या डोक्यात असावा.

३. त्यानंतर सेवा प्रायोगिक तत्त्वावर स्थगित झाली. नणंद यजमानांच्या बसने जाऊ लागली. जाताना ठीक असे, येताना तिच्या पायांत गोळे येत. पुढे पुढे जातानाच दम लागू लागला, कारण दरड आली की एक खेप चुके आणि अंगात पाणी साठे. ती चालकाच्या मागच्याच आसनावर बसे. यजमान आरशातून वारंवार पाहत, तर ती दटावी, ‘माझ्याकडे काय बघतोस, वळणाकडे बघ.’

४. शेवटच्या खेपेस वरच्या वळणावर मालमोटार आडवी झाली होती आणि गाडी बराच वेळ खोळंबली. रस्ता मोकळा होऊन गाडी उतारास लागली तेव्हा नणंदेचे डोके शेजारच्या बाईच्या खांद्यावर टेकलेले यजमानांना आरशात दिसले. त्यांनी विचारले, ‘ताई?’ ती बाई म्हणाली, ‘झोप लागलीये त्यांना. तुम्ही सावकाश चालवा.’ त्या बाईस सर्व कळले होते. मागच्या प्रवाशांनाही कळले होते. परंतु पुढे सगळी उतरणीची वळणे होती आणि गाडी भरलेली होती. म्हणून त्या अनोळखी बाईने पायथ्यापर्यंत ते डोके तसेच खांद्यावर धरून ठेवले आणि गाडीत कोणी चकार शब्द काढला नाही. स्थानकात गाडी थांबल्यावर यजमानांनी मागे वळून ताईला हाक मारली.

५. महोदय, सर्व विधी यजमानांच्या हातूनच झाले. तरी त्यांच्या लेखी ताई झोपलेलीच राहिली. त्यांनी गाडीस हात लावणे सोडले. विमानाची पूर्वीची वेळ झाली की ते मान वर करून म्हणत, ‘आलं बघ.’ अर्जदाराने शिलाई यंत्र थांबवून पुष्कळदा कान दिला, आभाळ रिकामे असे. मग ते ताईची कापडी पिशवी घेऊन धावपट्टीवर जात. पिशवीत शाल, चपलांचा जोड आणि औषधाचा डबा होता. प्रथम गावाने थट्टा केली. नंतर थट्टा बंद झाली. दळणवाली बाई एक दिवस चक्की बंद करून दारात आली आणि अर्जदारास म्हणाली, ‘आज मलाही ऐकू आलं गं.’ विमानतळाच्या फाटकावरील चहावाल्याने कोणी गिऱ्हाईक नसताना दुकान उघडले. विचारले तर म्हणाला, ‘उघडं असलेलं बरं.’ संध्याकाळी गावातील माणसे धावपट्टीच्या कुंपणाशी येऊन उभी राहू लागली. आपल्या अहवालात ‘सेवा बंद असूनही विमानतळावर अकारण गर्दी’ असे जे नमूद आहे, ती ही गर्दी होय.

६. त्या दिवशी मात्र विमान खरोखर आले आणि त्यातून आपण उतरलात. पाहणी आटोपून आपण आत जाऊन बसलात, तेव्हा यजमान शिडीपाशी गेले. अर्जदार त्यांना आवरण्यास धावली, पण पोहोचण्यास उशीर झाला. यजमान विमानाचे वैमानिक कॅप्टनसाहेब यांना म्हणाले, ‘जरा थांबा, ताई मागून येतेय. तिला चालवत नाही.’ कॅप्टनसाहेबांनी नणंदेस दोन वर्षे नेले-आणले होते. ती गेल्याचे त्यांना ठाऊक होते, त्यांनी सांत्वनाचे पत्रही धाडले होते. त्यांनी यजमानांच्या तोंडाकडे पाहिले, आत जाऊन इंजिन बंद केले आणि परत येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. आपण दोनदा हाक मारलीत. ते म्हणाले, ‘प्रवासी यायचाय, साहेब.’

सगळे गाव कुंपणाशी उभे होते. वारा पडला होता. ऊन धावपट्टीवरून सरकत गवतात गेले. मग कॅप्टनसाहेब शिडीच्या खालच्या पायरीशी वाकले, हात पुढे केला आणि नेहमी म्हणत तसे म्हणाले, ‘सावकाश, ताई.’ त्यांनी यजमानांच्या हातून पिशवी घेतली, ती पुढच्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावरून पट्टा बांधला. आपण तिच्या मागच्याच खुर्चीवर होतात. आपण काही बोलला नाहीत, याबद्दल अर्जदार आपली आजन्म ऋणी राहील.

विमान डोंगराआड गेल्यावर यजमान म्हणाले, ‘ताई गेली.’ कोणत्या अर्थाने, हे अर्जदाराने विचारले नाही. त्या दिवसापासून त्यांना विमानाचा आवाज ऐकू येत नाही. आता तो अर्जदारास येतो.

७. सबब विनंती अशी की, कॅप्टनसाहेबांना बजावलेल्या नोटिशीतील ‘विमान विनाकारण थांबवून ठेवले’ यातील ‘विनाकारण’ हा शब्द वगळावा. तो वगळल्यावर नोटिशीत काही उरत नाही. पिशवीचे म्हणाल तर ती बेवारस नाही, परंतु अर्जदारास ती परत नको. ती गावात आली तर ताईही आली असे यजमान समजतील आणि पुन्हा तिला पोहोचवण्यासाठी निघतील. आपल्या कार्यालयात एखाद्या कपाटात जागा असल्यास ती तेथेच राहू द्यावी.

८. राहिला प्रश्न अनुदानाचा. आपला अहवाल म्हणतो, खुर्च्या रिकाम्या जातात. जातात, महोदय. खुर्ची रिकामी गेली म्हणजे त्या दिवशी गावात कोणी अत्यवस्थ नव्हते, ही आनंदाची गोष्ट समजावी. दाराला कडी बसवतो ती रोज चोर येतो म्हणून नव्हे. त्या पैशात दवाखाना होईल असेही आपण लिहिले आहे. जरूर व्हावा. दवाखाना झाला, त्यात यंत्र आले, यंत्र चालवणारा आला आणि तो येथे टिकला, की विमान बंद करावे; अर्जदार स्वतः सहीचा अर्ज करील. पण एक दिवा लागण्यापूर्वी दुसरा विझवू नये. यजमानांचे सभेतील मत आपण जपून ठेवले आहे. ते पुसावे असे अर्जदार म्हणत नाही. त्याखाली त्याच माणसाने पुढे काय पाहिले, एवढे जोडावे.

९. शेजारच्या घरातील सून गरोदर असून दिवस भरण्यापूर्वीच तिचा रक्तदाब वाढला आहे. परिचारिकेने तिला विनाविलंब शहरात नेण्यास सांगितले आहे. विमान नाही, रुग्णवाहिका दरडीपलीकडे अडकली आहे; सकाळी रस्ता मोकळा झाल्यावर ती वर येऊन परत जाईपर्यंत थांबणे परवडणारे नाही. तिच्या सासऱ्यांनी यजमानांपुढे हात जोडले. यजमानांनी उठून गाडीच्या किल्ल्या घेतल्या. ताई गेल्यापासून उद्या सकाळी ते पहिल्यांदाच गाडी काढत आहेत. मागचे आसन काढून त्यांनी गादी टाकली आहे. त्यांनी अर्जदारास तिच्या उशाशी बसण्यास सांगितले आणि म्हणाले, ‘वाटेत काही झालं तर मला खरं सांग. मी गाडी नीट चालवीन, पण खरं सांग.’ अर्जदाराने मान डोलावली. प्रत्यक्षात काय सांगेल, हे तिचे तिलाच माहीत नाही.

१०. पूर्वी येथील टपाल विमानाने येत-जात असे. आता तेही बसने जाते. त्यामुळे हा अर्ज उद्याच्या त्याच गाडीत, टपालाच्या थैलीतून येत आहे. तो आपल्या हाती पडला, तर गाडी घाट उतरली असे समजावे. गाडीतील माणसांचे काय झाले, ते मात्र या कागदावरून आपणास कळणार नाही. त्यासाठी आपण एकदा स्वतः यावे, आणि शक्य झाल्यास रस्त्याने यावे, ही हात जोडून विनंती.

निर्णय कोणताही होवो, तो लवकर व्हावा या अपेक्षेत,

आपली नम्र,
(सही)
बसचालकाची पत्नी, शिवणकाम करणारी

दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत :
१) नणंदेच्या डायलिसिसच्या कागदांची प्रत.
२) कॅप्टनसाहेबांच्या सांत्वनपत्राची प्रत. (मूळ पत्र यजमानांच्या खिशात असते, ते देता येत नाही.)
३) कुंपणाशी उभ्या राहणाऱ्या ग्रामस्थांच्या सह्या व अंगठे.