आप्पांनी धाडलेलं विमान

४ नोव्हेंबर २००१, मांडवगण फराटा
१. आप्पा वायुदलाच्या ज्या स्क्वाड्रनमध्ये विमानांचे फिटर होते, तिथून फोन आला. डिसेंबरअखेर स्क्वाड्रन बंद होतंय.
२. त्याचा इतिहास छापणार आहेत. जुन्या लोकांनी आठवणी सांगाव्यात, निरोपाच्या परेडला यावं.
३. आप्पा आईला म्हणाले, "न्हाई म्हणून सांग."
४. आणि कांद्याला पाणी द्यायला गेले.

७ नोव्हेंबर
सेकंड शिफ्ट. घरी विषय निघाला नाही.

११ नोव्हेंबर
सकाळी भीमेवरचं धुकं शेतात आलं होतं. वर कुठेतरी विमान — दिसत नव्हतं, नुसता आवाज. आप्पांनी खुरपं टाकलं, उभे राहिले, दोन्ही हात वर करून सावकाश मागे ओढू लागले. उतरलेल्या विमानाला खुणेनं जागेवर आणतात तसे. खुरपणाऱ्या बाया उठून त्यांच्याकडे चालू लागल्या.
"आप्पा, येवढ्यात सुट्टी व्हय?" अनसाबाई.
"तुला न्हाई गं."
"मग कुणाला बोलवताय? वर तर कुणी दिसंना."
आप्पा खाली बसले. बाया हसत परत गेल्या, धुक्यात विरघळल्यासारख्या.

१८ नोव्हेंबर
आज आपणहून बोलले. स्क्वाड्रनची रीत — ज्या फिटरनं विमान तपासून धाडलं, त्यानंच ते उतरल्यावर ताब्यात घ्यायचं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी एक धाडलं. कॉकपिटची काच बंद होताना पायलट म्हणाला, "सीट थोड़ी हिलती है. आके देखते हैं."
"मी पाना घेऊन हुबा. तवापासनं हुबाच हाय. परेडीला काय म्हणून जाऊ?"
सीटमुळे पडलं का, विचारलं.
"न्हाई. तोफेनं पाडलं. पन घ्यायचं माझ्याकडंच राहिलं ना."
रांजणगावला आमच्या कंपनीत अर्धा जॉब पुढच्या शिफ्टचा माणूस पुरा करतो. यांच्यात तसं नाही.

२५ नोव्हेंबर
स्वप्न. कंपनीतला आमचा शॉप रिकामा, मशिनं नाहीत, फरशी लांबच लांब. टोकाला आप्पा, तरुण, हात वर केलेले. मी त्यांच्याकडे आवाज न करता घरंगळत येत होते. पोचायच्या आत जाग आली.

२ डिसेंबर
स्क्वाड्रनचं कामकाज बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, ॲडज्युटंटना, उद्या इंग्रजीत फॅक्स करायचा. मजकूर:
महोदय, निरोपाच्या दिवशी एक विमान उडून परत उतरेल, असे फोनवर कळले. ते विमान माझ्या वडिलांना, निवृत्त सार्जंट नागसेन यांना, धाडू द्यावे. आणि उतरल्यावर त्यांनाच घेऊ द्यावे. इतिहासात त्यांचे नाव आले नाही तरी चालेल. त्यांना मी अजून विचारलेले नाही. तुमचा होकार आल्यावरच विचारीन. कृपया १५ डिसेंबरपर्यंत कळवावे.
रश्मी