अपिलाचे तीस दिवस आणि माझे खाडे

२ जून
सात दिवस साधी कैद. मला! का, तर दूधवाल्याच्या हातावर त्याचंच माप बसलं. महिन्यात अकरा दिवस दांडी मारली मेल्याने, मी अकरा खाडे कापले, तो म्हणे चारच. चोर तो, आरोपी मी! वर निकालात लिहिलंय, बाईंची मोजणी भरवशाची नाही. वीस वर्षं कॅलेंडरवर फुल्या मारतेय मी!
अपिलासाठी तीस दिवस शिक्षा थांबवलीय. देवापुढे दिवा लावून ठरवलं, अपील मीच लिहिणार.

४ जून
यांची भाची वकील. म्हणाली, मामी, आधी निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज द्या. पानामागे पैसे? माझं अक्षर शाळेत पहिलं होतं. कोर्टाच्या बाकावर बसून निकाल वहीत उतरवायला घेतला.

१५ जून
मुद्दा पहिला लिहिला: माझी मोजणी आजवर चुकलेली नाही. भाचीने विचारलं, पण माप मारलंत ना? असले फाटे फोडायची तिला सवयच आहे.

२९ जून
हे सकाळपासून मागे लागलेत, तीनच दिवस उरले. डोकं फिरलं. जो दिवस कोर्ट आलं नाही, तो धरायचा कशाला? रविवार, शनिवारच्या सुट्ट्या, एकदा साहेब रजेवर. सात खाडे. आज विसावा!

९ जुलै, दुपारी ३
आणखी दोन रविवार कापून, माझ्या अठ्ठाविसाव्या दिवशी, दोन दिवस हाताशी ठेवून गेले. क्लार्क म्हणे, बाई, आज सदतिसावा. तीनदा मोजायला लावलं. नतद्रष्ट तिन्ही वेळा सदतीसच म्हणाला. वही चाळून म्हणाला, अक्षर सुरेख आहे, शिक्का कुठाय? नकलेचा अर्ज केला असतात तर ती मिळेपर्यंतचे दिवस वजा झाले असते.
म्हणजे खाडा असतो! तेवढा एकच असतो, आणि तोच मी सोडला.

१० जुलै
भाचीने उशीर माफीचा अर्ज टाइप केला. तो दिला नाही तर न्यायला पोलीस येतील. कारण: अर्जदाराची दिवस मोजण्यात चूक झाली. आणि त्यालाच टाचलेल्या अपिलात माझा मुद्दा पहिला! म्हटलं, ताप आला होता असं घाल. म्हणाली, मामी, शपथेवर खोटं? रोज देवापुढे बसता ना? हे खिडकीकडे तोंड करून उभे. खांदे हलत होते यांचे. बघून घेईन.
दोन्हीकडे सही केली. खाली तारीख घालायची होती.
आज किती, ते यांना विचारलं.