पांढऱ्याच्या पाठीवरचं नाव

नागपूर, २० सप्टेंबर २००३

ती. हेमराजदादास, उर्वशीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट भेटलं. बारा फोटोंत सात तुझ्या अंगठ्याचे आहेत, तुले कॅमेरा दिला हीच माझी चूक. पण नाल्याचा तो एक फोटो पाहून होस्टेलातल्या पोरी जेवल्या नाईत. कोळसा धुतल्याचं काळं पाणी, अन् त्यात तोंड घालून मेलेला शेजारच्या लटारूकाकाचा बैल, पांढऱ्या. मी तो सायबर कॅफेतून पर्यावरणवाल्यांच्या वेबसाइटवर टाकला. चार दिवसांत केरळ, जर्मनी, कुठून कुठून सहाशे लोकांनी लिहिलं. एका बाईनं विचारलं, तिथली माणसं कोणतं पाणी पितात. आपल्या तलाठ्यानं हे कधी विचारलं का?

भेऊ नको. तुझं नाव, गावाचं नाव, काहीच लिहिलं नाई. आईले नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी उर्वशी

पिपरबोडी, ३ ऑक्टोबर

चि. उर्वशीले दादाचा आशीर्वाद.

इथी कोनाकडं इंटरनेट नाई, पन कोळशाच्या ठेकेदाराकडं हाये. परवा दुपारी त्याचे चार मानसं जीपनं आले, हातात तुह्या फोटोचा कागद. पोळ्याले काकानं पांढऱ्याच्या पाठीवर लाल रंगानं आपलं नाव लिहिलं होतं. ते फोटोत आलं. पोळ्याच्या बैलावर नाव असतेच, म्हनून ना मले दिसलं ना तुले.

काका सोयाबीन कापून राह्यला होता. लोखंडी पाइपानं पहिले त्याचे गुडघे फोडले, मंग हात. फोटो कोनं काढला, एवढंच इचारत होते. दर वेळी काका म्हने मले मालूम नाई, अन् पाइप पडे. त्याचे दात वावराच्या धुऱ्यावर, बांधावर सांडले. रुखमाकाकू मधात पडली तं तिले केस धरून फरफटत नेलं. मी वीस पावलांवर कपाशीच्या उभ्या पराटीत लपून होतो. फोटो म्या काढला, काकाले सारं मालूम होतं. एकडाव त्यानं माह्याकडं पाहिलं अन् तोंड फिरवलं. मी उठलो नाई, उर्वशी.

काका दवाखान्यात हाये, रगत थांबत नाई. जपून राहा.

तुहा दादा

नागपूर, ९ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

चिठ्ठी वाचली अन् कॅफेत धावत गेले. तो फोटो काढून टाकायला लावला. वेबसाइटवाले काऊन म्हणून विचारत होते, तर मी लिहून दिलं की फोटो खोटा होता. तेही त्यांनी माझ्या नावासकट तसंच तिथं छापलं. काकाले मीच मारलं असं वाटते. तू ठाण्यात जाऊ नको, आईले घेऊन इकडे ये. मले तू जिवंत पाहिजे, दुसरं काही नको.

तुझी उर्वशी

पिपरबोडी, १५ ऑक्टोबर

चि. उर्वशीले आशीर्वाद.

काका रविवारी गेला. तिरडीले गावातून सात जन आले, बाकीच्यांनी कवाडं लावून घेतले. काल मी रुखमाकाकूसंग ठाण्यात गेलो. फोटो मी काढला, मारताना मी पाहिलं, चौघांचे नावं हे, असं सारं लिहून देल्लं. ठाणेदारानं पुरावा मागतला. म्या म्हटलं, इंटरनेटवर पाहा. तो हसला. म्हने ठेकेदारानं कवाच दाखवलं, फोटो खोटा होता म्हनून तुह्याच बहिणीनं लिहून देल्लं हाये. काकू माह्याकडं पाहून राह्यली होती. सांजच्याले तुही चिठ्ठी भेटली.

तुह्यावर राग नाई. आईले मामाकडं पोचवून देल्लं. सकाळपासून जीप घरापुढं उभी हाये, पन मी इथून हालत नाई. मले वाचवासाठी काका मरेपावतर खोटं बोलला, अन् मलेच वाचवासाठी तू खोटं लिहिलं. आता मले कोनी वाचवू नका. फोटो परत लाव.

तुहा दादा
हेमराज