तूप मालकानेच वाढायचं

६ एप्रिल १९९२, सोमवार
पॅरालिसिसचा अटॅक येऊन तीन महिने झाले. हात चालतो, पाय चालतो, तोंड तर पहिल्यापेक्षा जास्त चालतं (हे आमच्या बायकोचं, दमयंतीचं मत). म्हणजे रिकव्हरी शंभर टक्के. संकल्प : मे महिन्याच्या लग्नांत ‘कमळाकर केटरर्स’चा मालक पुन्हा पंगतीत उभा राहणार. वरणभातावर तूप मी वाढायचं, मगच लोकांनी पानाला हात लावायचा, ही आपली पहिल्यापासूनची पद्धत. सध्या ते काम जगन वाढपी करतोय. वाढतो कसला, ओततो!

८ एप्रिल
डॉक्टरकडे. म्हणे डोळे उत्तम आहेत, पण मेंदू डावी बाजू विसरलाय. मेंदू माझा आणि सांगतंय कोण! घड्याळाचं चित्र काढायला लावलं. जागा जरा कमी पडली, तरी बाराच्या बारा आकडे कोंबून बसवले. डॉक्टर बघतच राहिले. कागद ठेवून घेतला. फ्रेम करणार असावेत.

११ एप्रिल
घरात चटणी-कोशिंबीर बंद झालीय. पानात नुसती भाजी आणि आमटी. केटररच्या घरी ही कथा! दमयंतीला म्हटलं, काटकसर माझ्यापासूनच का? ती म्हणाली, जरा ताट फिरवून बघा. वाढलेलं ताट फिरवायला मी काय रानटी आहे? तसाच उठलो.

१३ एप्रिल
पेपर बदलायला हवा. बातम्यांना शेंडा ना बुडखा, प्रत्येक वाक्य मधूनच सुरू.
संध्याकाळी वडाळे तलावाकडे एकटाच फिरायला निघालो. चाललो, वळलो, पुन्हा वळलो, आणि समोर आपलंच दार. पनवेल केवढंसं झालंय! तिकडे नवीन पनवेल वाढतंय म्हणतात. जुनंच उचलून नेत असतील.

१७ एप्रिल, दुपारी
झोपमोड. अंथरुणात कुणाचा तरी हात! थंडगार. जगन दुपारचा इथेच आडवा होतो, त्याचाच असणार. उचलून भिरकावला तर माझाच खांदा ओढला गेला. दमयंती खो खो हसली. मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. पाण्याची नुसती नासाडी.

२६ एप्रिल, रविवार
लाइन आळीत मुंज. तूप मी वाढलं. वा! हात विसरलेला नाही. एकच खटकलं. दमयंती दुसरं भांडं घेऊन सारखी माझ्या मागे. चारचौघांत शोभतं का हे? जगन म्हणतो, भाऊ, वैनी हायत म्हणून निभावलं, नायतर तिकडची रांग कोरडीच ऱ्हायली असती. तिकडची कुठली? रांग एकच होती.
दमयंतीला ताकीद दिली : पुढच्या पंगतीला स्वयंपाकाच्या खोलीबाहेर पाऊल टाकलंस तर मी जेवण सोडीन. बरं म्हणाली. माझा शब्द अजून चालतो.

१० मे, रविवार, सकाळी
आज महादेवरावांच्या दिपाचं लग्न. माझ्याकडे विहिणीची पंगत. मुलाच्या आईचा मान! इथे काही कमीजास्त झालं तर नवी सोयरीक पहिल्याच दिवशी नासते. महादेवराव म्हणाले, कमळाकर, पोरीचा जन्म आहे, धाकधूक वाटते, जगनला वाढू दे ना. म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सुरुवात झकास. एका हातात भांडं, एका हातात चमचा. एकेक पान घेत पुढे सरकत होतो. हळूहळू सगळे गप्प झाले. वाटलं, जुन्या माणसाचा आदर. मग कोण तरी किंचाळलं. भांडं डाव्या हातात होतं, ते म्हणे केव्हाचं कलंडलं होतं, आणि तूप विहीणबाईंच्या शालूवर सांडत होतं. मी विचारलं, विहीणबाई अजून आल्या कुठे? हे विचारायला नको होतं.
विहीणबाई पानावरून उठल्या. महादेवराव हात जोडून त्यांच्या मागे. दिपा मुंडावळ्यांसकट रडतेय. तेवढ्यात दमयंती बाहेर आली. तिने सगळ्यांदेखत माझी हनुवटी धरली आणि मान वळवली. वळवतच गेली. तिथे एक अख्खी रांग होती. भात कोरडा, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

११ मे
काल मग जगनने ताजा भात वाढला. दमयंतीने पदर पसरला तेव्हा विहीणबाई पुन्हा बसल्या. तूप तिनेच वाढलं. दिपा सासरी गेली एकदाची.
आज सकाळी तुपाचं भांडं दमयंतीच्या हातात दिलं. तिने मागितलं नव्हतं. म्हटलं, इथून पुढे तूच वाढ, मला नाही जमत. एवढं बोलताना रडू आलं, लाज वाटली. गालावरचं पाणी पुसलं. दुसराही गाल भिजला होता म्हणे. तो दमयंतीने पुसला. मला कळलं नाही.