मेळाव्यातला अंगठा

मुर्री (गोंदिया)
१९ जानेवारी २०२५

चि. नीतू हीस मामाजीचे अनेक आशीर्वाद.

नागपूरच्या वसतिगृहातलं जेवण बरं आहे ना? फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. परवा आमच्या जुन्या शाळेचा मेळावा झाला. तुझी आई शामकलाही आली होती. नोंदवहीत सगळ्यांनी आपापलं नाव लिहिलं. शामकलेने पेन हातात घेतला, बाजूला उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, पेन ठेवला आणि मुख्याध्यापकांकडे शिक्क्याचा पॅड मागितला. अंगठा लावून निघून गेली. तेव्हापासून मला चैन नाही. घरभर येरझारा घालतो. मामी वैतागली आहे.

मी त्या शाळेत शिकवायचो तेव्हा चौथीत ती माझ्याच वर्गात होती. गुरुजी बहिणीला सोडतात असं कोणी म्हणू नये, म्हणून इतरांना एक छडी तर तिला दोन. वर्ष संपलं आणि तिने शाळा सोडली. डी.एड.ला अध्ययनाच्या उपपत्तींच्या पेपरात मला पहिला वर्ग होता बरं. तू मानसशास्त्रात एम.ए. करतेस, तर सांग. माझ्यामुळे ती अडाणी राहिली का? खरं तेच लिही.

काळजीत पडलेला तुझा मामा,
जीवनलाल

नागपूर
२६ जानेवारी २०२५

ती. मामाजींना नीतूचा वाकून नमस्कार.

जेवणात रोज वांगी, बाकी ठीक. मामाजी, आई अडाणी नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं तिचीच सही आहे. तेंदूपत्ता जमा होतो त्या फडावर दर उन्हाळ्यात बायकांची नावं तीच लिहिते. तुम्हाला हे ठाऊक असेल असं मी धरून चालले होते.

आता पहिल्या वर्गाचा पेपर पुन्हा तपासू. आधीचे शास्त्रज्ञ म्हणाले, घंटेमागून अन्न येतं हे कळलेल्या कुत्र्याला नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. भीतीही तशीच चिकटते. मग बक्षीस-शिक्षावाले आले. तुमच्या काळी त्यांचंच राज्य होतं. पण शिक्षेने वागणं दबतं, नवं काही येत नाही, हे त्यांच्यातल्याच काहींनी लिहून ठेवलंय. ते पान तुम्ही वाचलं नसावं. पुढे कोणीतरी उंदरांना वाटांच्या जंजाळात नुसतंच फिरू दिलं. दहा दिवस वाटलं, ढिम्म काही शिकले नाहीत. मग टोकाला खाणं ठेवलं, तर लगेच वाट बरोबर सापडली. शिकणं आत झालेलं होतं, दिसत नव्हतं. त्यानंतर माणूस बघून शिकतो, स्वतः अर्थ लावून शिकतो, हेही मान्य झालं.

आई शिकली, पण तुमच्याविना. तुमच्यासमोर मात्र तिचा हात अडतो. तुमचं पत्र वाचून मला राग आला आणि तो मी लपवत नाही. मला उत्तर नको, तिला लिहा.

राग धरूनही तुमचीच,
नीतू

सालेकसा
१६ फेब्रुवारी २०२५

ती. जीवनलाल भाऊले शामकलाचा नमस्कार.

तुहं पत्र भेटलं. तीन डाव वाचलं. माफी मांगितली, बरं केलं. पण 'तुझ्या भल्यासाठी मारत होतो' असं काऊन लिवलं? तू छडी उचलली का मले येत होतं ते बी मी विसरत होती. त्यात कोणतं भलं?

लिवणं मी फडावर शिकली. पानाईचा हिशोब ठेवणारा मुंशी नावं लिहे, मी मांगं उभी राहून पाहे. मंग घरी चुलीच्या राखेत बोटानं गिरवे. कोणी मारे नाही, कोणी शाबासकी बी देये नाही. दोन हंगामात आलं.

मेळाव्यात मले लिवाचंच होतं. पण तू बाजूले उभा होता अन् हात चालेच ना. घरी येऊन लय रडली. आताबी लिवून राहिली त हाताले घाम येते. हे पत्र लिवाले चार दिवस लागले. वरची तुह्या नावाची ओळ मी सगळ्यात शेवटी लिवली.

होळीले ये, वहिनीले बी आण. माझ्या समोर बसजो. तुह्यासमोर मी माझं नाव लिवीन. चुकलं त चूप राहजो.

माया आहे, ते कमी नोको करू.

तुही बहीण
शामकला